मैत्री सोसायटीचा पोकळ पहारेकरी

मी एक जुना कॅमेरा आहे. जुना हे नक्की. कॅमेरा हे सोसायटीतल्या लोकांचं मत आहे. मित्रांनो, माझ्या पोटात दोन पेन्सिल सेल आणि एक लाल दिवा यांखेरीज काहीही नाही. समोरची काच मात्र खरी आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. मागे वायर नाही, त्यामुळे काही सांगता येत नाही.

माझा जन्म हडपसरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एरवी साबणाच्या डब्या बनत. एका डबीला काच बसली आणि ती पहारेकरी झाली, ती मी. तिथून मी विश्रांतवाडीच्या मैत्री सोसायटीत आलो. कुणाकडेच चोरण्यासारखं काही नव्हतं तोवर इथली दारं दिवसभर उघडी असत म्हणे. मग मुलं आयटीत लागली. हप्त्यांवर मोठे टीव्ही आले, कॉम्प्युटर आले, त्यांच्यामागून जाळीची लोखंडी दारं आली आणि सर्वांत शेवटी भीती आली. ती मात्र रोखीनं.

गुन्हेगारी फार वाढली आहे, असं सगळेच म्हणत. कुठे वाढली, असं विचारलं की "पेपरात" असं उत्तर मिळे.

सेक्रेटरी अभयराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खरे कॅमेरे सोसायटीला परवडेनात आणि सभासद तर गप्प बसेनात. शेवटी त्यांनी स्वतः शिडीवर चढून मला गेटवर बसवलं आणि खाली पाटी लावली : 'आपण दिसत आहात. नीट वागा.' मी पोकळ आहे हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

ते माझे कौतुकाचे दिवस! मुलं मला हात हलवून शाळेत जात. बँकेत नोकरी करणाऱ्या शर्मिलाताई माझ्यासमोर थांबून पदर सारखा करत. गेटपाशी थुंकणं एका दिवसात बंद झालं.

बाकीचं मात्र चालूच राहिलं, कारण ते गुन्ह्यात मोडतं असं कुणाला वाटतच नव्हतं. तळमजल्यावरच्या सुंदराबाई रोज सकाळी आकडीची काठी घेऊन शेजारच्या कुंपणातली तगर ओरबाडत. कुणी दुसऱ्याचा पेपर वाचून पुन्हा घडी घालून ठेवी. नेलेली शिडी कधी परत येत नसे. याला इथे शेजारधर्म म्हणत.

मग एका रविवारी शर्मिलाताईंच्या पूर्वाची नवी सायकल नाहीशी झाली.

ती कुणी नेली, हे मी पाहिलं होतं. शरच्चंद्रकाकांनी. काका मूळचे कसब्यातले, निवृत्त मास्तर, आणि आमच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष. चौकातून भाजी आणायला त्यांनी सायकल काढली. विचारायचं कुणाला? पाचच मिनिटांचं काम. पण येताना ते मित्राच्या स्कूटरवर मागे बसून, मेथीच्या दोन जुड्या छातीशी धरून, गप्पा मारत आले. सायकल त्यांच्या डोक्यातून पार गेली होती.

सोमवारी संध्याकाळी माझ्याच खाली सभा भरली. बोलत होते काका.

"कसब्यात आमच्या दाराला कडीसुद्धा नव्हती! आणि इथे वॉचमन असून सायकल जाते. वैजनाथ, रविवारी सकाळी कुठे होतात आपण?"

"सिलिंडर वर पोचवत होतो, काका."

"कुणाचा?"

"तुमचाच."

"म्हणजे गेट सोडलंत! झालं, आपल्या तोंडानं कबूल केलंत. अभयराव, फुटेज काढा. हे जागेवर नव्हते असं दिसलं, की उद्या खोली खाली करायची."

खोली म्हणजे पार्किंगमागची. तिथे वैजनाथ आणि त्याची बायको नंदा राहत. नंदा खांबाआड उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता आणि माझ्या मागे वायर नव्हती, मित्रांनो.

अभयरावांनी घाम पुसला. "फुटेज मी पाहिलं आहे," ते म्हणाले. माझा लाल दिवासुद्धा दचकला. "नाव घेत नाही. ज्यानं ज्याचं जे नेलं असेल, त्यानं ते उद्या सकाळी या कॅमेऱ्याखाली आणून ठेवावं. मग वैजनाथचं बघू."

सकाळी माझ्याखाली बाजार भरला होता. शिडी, पाण्याचा पाईप, कढीपत्त्याची कुंडी, इडलीपात्र, तीन छत्र्या. एक चहाची गाळणी होती, ती कुणाची हे आजतागायत कळलेलं नाही. सुंदराबाई हार घेऊन आल्या.

"तोडलेली फुलं झाडाला परत लागत नाहीत, म्हणून हार केला. बुद्धांनाच वाहत होते हो, पण 'न दिलेलं घेणार नाही' हे दुसरं शील म्हणताना रोज जीभ अडखळायची," तो शेजारणीच्या हातात देत त्या म्हणाल्या. शेजारीण इतकी हसली की हार तिच्या हातून निसटला.

सगळं आलं होतं. सायकल नव्हती. मागे नंदा वळकटी बांधत होती.

"चोर निर्ढावलेला आहे!" काका गरजले. "अभयराव, आता नाव सांगाच!"

अभयरावांनी एकदा वळकटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आज माझं पोकळपण चव्हाट्यावर येणार, हे मी ओळखलं. ते हळूच म्हणाले, "काका, आता खरं काय ते सांगूनच टाकतो. रविवारचं फुटेज..."

"रविवारचं?" काका थबकले. त्यांनी वर पाहिलं. लाल दिवा थेट त्यांच्यावर लुकलुकत होता. "रविवारी मी मेथी... अरे देवा! सायकल चौकातच राहिली!"

मग पूर्वा म्हणाली, "काका, निदान मेथी तरी चांगली होती ना?" आणि सगळी सोसायटी हसत सुटली, वैजनाथसकट.

सायकल भाजीवाल्या शालूकडे सुखरूप होती. "कुणी न्यायलाच येईना," ती म्हणाली, "कांद्याची गोणी टेकवायला बरी पडली." काका सायकल हातात धरून, चालत घेऊन आले आणि खोलीसमोर उभे राहिले. "वैजनाथ, चुकलं माझं. हे एकदाच सांगतोय, नीट ऐकून घ्या." नंतर त्यांनी नंदाची वळकटी स्वतः सोडायला घेतली. गाठ सुटेना, तेव्हा वैजनाथनं मदत केली.

पुढे सोसायटीत वायरवाले खरे कॅमेरे आले. ते सगळं टिपतात आणि ते कुणी बघत नाही. मला काढायला मात्र काकांनीच विरोध केला. आजही सायकल नेताना ते माझ्याखाली थांबतात आणि वर बघून खणखणीत आवाजात सांगतात, "पूर्वाची सायकल नेतोय. तिला विचारलंय. परत आणणार आहे."

मित्रांनो, तुम्हीही शेजाऱ्याची वस्तू विचारून न्या आणि आठवणीनं परत करा. आणि कधी विश्रांतवाडीला आलात, तर येताना दोन पेन्सिल सेल आणा. अभयराव हल्ली विसरतात, आणि काकांचं बोलणं संपेपर्यंत तरी माझा दिवा लागलेला असायला हवा.