बाईंचा रडीचा डाव

तिसरीच्या वर्गात चिमणीला आता कोणी चिमणी म्हणत नव्हतं. मागच्या आठवड्यात गणिताच्या पेपरात शेजारणीचं बघून लिहिताना ती पकडली गेली आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं कॉपीमास्तर. पोरं कसली वस्ताद! बाईंनी दटावलं की गप्प, बाईंची पाठ वळली की पुन्हा सुरू. चिमणी मान खाली घालून एकटीच डबा खायची. ते बघून बाईंचा जीव तुटायचा, कारण तिला पकडलं होतं त्यांनीच, आणि तेही भर वर्गात.

उपदेशाचे डोस पाजून काही उपयोग नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बाकं भिंतीला लावली, खडूने फरशीवर भलीमोठी सापशिडी आखली आणि पोरांनाच सोंगट्या करून उभं केलं. फासा म्हणून पुठ्ठ्याचं खोकं. जो जिंकेल तो आठवडाभर झोक्यावर पहिला. बाई स्वतःही खेळात उतरल्या आणि ठरवून धडधडीत लबाडी करू लागल्या. कोणीतरी ओरडेल, मग चूक कबूल करून बोलू काय ते, असा त्यांचा बेत होता.

समोर साप आला, तर एक घर जास्त चालून बाईंनी तो चुकवला. कोणी हूं की चूं केलं नाही. तीन पडले, बाई पाच घरं चालल्या. पोरं आपली टकामका बघतायत! बाईंना घाम फुटला. अरे देवा, मोठ्या माणसाने केलं की चालतं, हेच शिकवून बसले की मी! अजून एक शिडी, आणि खेळ खलास.

"बाई, तुम्ही रडी खेळताय."

आवाज चिमणीचा होता.

"ए कॉपीमास्तर, तू गप बस!" वर्गातला दांडगोबा खेकसला. तिला हे नाव ठेवणाराही तोच. "तू कोण बाईंना बोलणारी?"

"मला कळतं ते." चिमणी रडवेली झाली, पण हटली नाही. "लबाडी करताना बाई खिडकीबाहेर बघतात. मी पण पेपरात तसंच केलं होतं."

बाईंना हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "खरंय गं, केली मी लबाडी," म्हणत त्या निमूटपणे चुकवलेल्या सापाच्या तोंडाशी गेल्या आणि थेट शेपटीपर्यंत उतरल्या. "आणि त्या दिवशी तुला सगळ्यांसमोर बोलले, तेही चुकलंच माझं."

चिमणीने नाक पुसलं. "मी पण मघाशी एक घर जास्त गेले होते," ती म्हणाली आणि मागे सरकली.

मग काय विचारता! इकडून एक पोर मागे सरकलं, तिकडून दोन. छताकडे बघत दांडगोबाही निघाला, तो शिडी उतरून पार खाली. बाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. अख्खा वर्ग लबाड निघाला होता, आणि बाईंना कोण आनंद झाला होता!

"बरं, आता डाव कोणाचा?" त्यांनी विचारलं.

दांडगोबाने खोकं उचललं, जरा घुटमळला आणि पुढे केलं.

"चिमणे, टाक."