वरवंट्याची कावीळ

परातीतलं पाणी पिवळं झालं आणि झिपरू महाराजांच्या ओट्यासमोरच्या शंभर माणसांनी हात जोडले. परातीत चुन्याची निवळी होती. सात महिन्यांची पोटुशी सारिका महाराजांनी तेल लावलेले हात त्यात चोळत होती आणि तिच्या बोटांखालून हळदीसारखा रंग सुटत होता.

"पिवळी माय, ऊठ. हाडूक सोड, मास सोड, पाणीमा जाय," महाराज डोळे फिरवत म्हणाले.

पिवळी माय मोठी आज्ञाधारक. सांगितल्याबरोबर पाण्यात आली. फक्त सारिकाच्या डोळ्यांतून निघायचं तेवढं विसरली.

"उतरनी वं माय," सारिकाची सासू वच्छलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "दुसरा बुधवार व्हयना. आते एकच ऱ्हायना."

मी गर्दीच्या मागे उभी होते. हे पाणी मी आधी पाहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी अमळनेरजवळच्या आमच्या गावात माझा थोरला भाऊ नवल अशाच परातीत हात धूत होता आणि परात मी धरली होती. तीन बुधवार पाणी पिवळं झालं. चौथा बुधवार त्याने पाहिला नाही. तेव्हापासून वरणाची वाटी पुढे आली तरी मला त्याचे डोळे दिसतात. आई म्हणते, विसर आता. कसं विसरू? बोलायचं होतं, पण पुढे गेले नाही. तशीच परत गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात जळगावच्या एका संशोधन केंद्राने बी.एस्सी.च्या सहा विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी घेतलं होतं, त्यातली मी एक. एरंडोल तालुक्यातल्या या गावात काविळीची साथ होती. पाण्याची पाइपलाइन गटारातून गेलेली आणि मधेच फुटलेली. गावातल्यांचं रक्त घ्यायचं आणि यकृत किती बिघडलंय ते तपासायचं, हे आमचं काम. नळीत रक्त खाली बसलं की वर पिवळसर द्रव राहतो. काविळीच्या माणसाचा गर्द पिवळा. पहिल्या दिवशी ती नळी मला हातात धरवेना. आमच्या सोनवणे मॅडमनी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पूनम, तिच्याशेजारी निरोगी माणसाची नळी ठेव आणि मग दोन्हींकडे बघ."

निरोगी माणसांच्या अशा नमुन्यांना प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणतात. घोळ झाला तो याच शब्दावरून. आमच्यातला हितेंद्र जळगाव शहरात वाढलेला. त्याने सोमवारी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारलं, "उद्या सकाळी कंट्रोलसाठी सगळ्यांनी शाळेत यावे." आता खेड्यात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. मंगळवारी आठ वाजता साठ माणसं रेशनकार्ड आणि रिकाम्या पिशव्या घेऊन शाळेच्या पटांगणात हजर.

"गहू कोठे शेतस?" सगळ्यात पुढे उभी असलेली कमलबाई म्हणाली. साठी उलटलेली, बोलायला फटकळ. हितेंद्र माझ्यामागे लपला.

मी तिला आमच्या अहिराणी बोलीत समजावलं, "मावशी, ज्याले कावीळ नही, त्यानं रगत बी देखनं पडस. दोन्ही जोडेजोडे ठेवानं. मंग फरक समजस."

कमलबाईने पिशवीची घडी घातली आणि जरा विचार करून म्हणाली, "मंग झिपरूनी कधी चांगला माणूसना हात धोयात का?"

 महिनाभर हेच शिकत होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्याच दुपारी सारिकाचा अहवाल आला. मॅडम तडक तिच्या घरी गेल्या. "गरोदर बाईला ही कावीळ जीवावर बेतते. आजच्या आज दवाखान्यात न्या."

"उद्या तिसरा बुधवार शे," वच्छलाबाई म्हणाली. "अर्धामा सोडं तं उलटस म्हने. उद्या हात धोयी लिऊ दे, मंग लई जासूत." मॅडमनी तासभर समजावलं. सारिका कोपऱ्यात गळून पडली होती. तिला कुणी विचारलंच नाही.

बुधवारी ओट्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. सारिकाच्या आधी कमलबाई परातीपुढे जाऊन बसली. "पयले मना हात धोय. माले काहीच व्हयेल नही."

महाराजांनी नाइलाजाने तिच्या तळहातांना आपलं तपकिरी 'मंतरेल तेल' चोळलं. हात पाण्यात गेले आणि पाणी पिवळं झालं. लोक चुळबुळले.

महाराज गडबडले नाहीत. "हिनामा दपेल कावीळ शे. बठ्ठासमा ऱ्हास."

उलटच झालं. चार धडधाकट माणसं आपली लपलेली कावीळ काढून घ्यायला पुढे सरसावली. या वेळी मी पुढे गेले. शेजारच्या घरातून वरवंटा मागून आणला, सगळ्यांसमोर घासून धुतला, त्याला महाराजांचं तेल चोळलं आणि ताज्या निवळीत बुडवला. पाणी पिवळंधमक झालं.

"झिपरू," कमलबाई शांतपणे म्हणाली, "वरवंटाले बी कावीळ शे का?"

मागे कुणीतरी हसलं. मग मी सांगितलं. ते तेल नाही, आंब्याच्या सालीचा रस आहे; माझा भाऊ गेल्यावर मला हे कळलं. चुन्याच्या निवळीत तो पिवळा होतो. चोळा हाताला, नाहीतर दगडाला. महाराजांच्या परसातल्या आंब्याची साल पुरुषभर उंचीपर्यंत सोललेली होती. गाव ती रोज बघत होतं.

"मंग लोक बरा कसा व्हयनात?" महाराजांनी विचारलं.

"बहुतेकांची ही कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते. ते तुमचं नाव घेतात. जे वाचत नाहीत, ते सांगायला येत नाहीत."

वच्छलाबाई हसली नव्हती. तिने स्वतः परात विसळली, नवी निवळी ओतली आणि सारिकाचे कोरडे हात त्यात धरले. बराच वेळ चोळले. पाणी नितळच राहिलं. सुनेच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघत ती म्हणाली, "गाडी काढा."

सारिका वाचली. एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. बाळ राहिलं नाही. लवकर आणलं असतं तर राहिलं असतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

मी भेटायला गेले तेव्हा वच्छलाबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने माझा हात धरला. आवाजात राग नव्हता. "पोरी, दुसरा बुधवारले तू तठेच उभी व्हती ना? तुले ठाऊक व्हतं. मंग काबर नही बोलनी?"

त्या बुधवारी मी बोलले नाही. म्हणून आता बोलते आहे. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. गरोदर बाई असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. साथ असेल तर पाणी उकळून प्या. कुणी परात पुढे केली तर आधी एक धडधाकट हात त्यात धुवायला लावा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर गर्दीच्या मागे उभे राहू नका.