पाण्याची राखण

धाकटीने लॉग-आउट केलं आणि दाराकडे बघत विचारलं, "चालू आहे?"

"गेलं," पंपवाले काका बाहेरून म्हणाले. प्रोग्राम चालू असल्याचं दाखवणारा, टाकीजवळच्या भिंतीवरचा हिरवा दिवा विझला होता.

धाकटीची मोठी बहीण, ताई, खुर्चीत शाल लपेटून बसली होती.

या जलशुद्धीकरण केंद्रातला प्रोग्राम तिनेच लिहिला होता. पाण्यातलं क्लोरीन कमी-जास्त झालं की तो घंटा वाजवायचा. पण तो हाताने चालू करावा लागे, आणि चालू करणारं माणूस लॉगिनमधून बाहेर पडलं की तोही बंद पडे. म्हणून ताईने आपलं लॉगिन कधी बंदच केलं नव्हतं. वीज जाऊन सर्व्हर परत आला, की ती घरून, नाहीतर डायलिसिसच्या पलंगावरून लॅपटॉप उघडून प्रोग्राम चालू करी. त्याची सर्व्हिस करायचं, म्हणजे कोणी नसतानाही तो आपला आपण सुरू होऊन चालत राहील अशी सोय करायचं काम कायम उद्यावर जात राहिलं.

गेल्या हिवाळ्यात ताई बेशुद्ध पडली, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. सर्व्हर परत आला, प्रोग्राम आला नाही. क्लोरीनचा पंपही बंदच राहिला होता, ते कोणाला कळलं नाही. पाणी तसंच खालच्या वस्तीत गेलं. जुलाबाने तिघं दगावली; त्यांत एक तान्हं मूल होतं. कार्यालयाने तांत्रिक बिघाड म्हणून हात झटकले. ताई शुद्धीवर आल्यावर कोणीतरी तिला हे सांगितलं.

तेव्हापासून ती त्या सर्व्हिससाठी धाकटीच्या मागे लागली होती. धाकटीचं रोजचं कामच सर्व्हरचं. पण ती म्हणे, "आधी बरी हो, मग बघू." मग ताईला पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली, आणि टाळायला जागा उरली नाही.

धाकटीने सर्व्हिसची फाइल पुन्हा उघडली, दोन ओळी बदलल्या, सर्व्हिस सुरू केली. ती उठली आणि लगेच पडली.

"काय म्हणतंय?" ताईने विचारलं.

"फाइल सापडत नाही म्हणतंय. आहे की तिथेच!"

"फाइलचा पूर्ण पत्ता दिलास?"

धाकटीने ती ओळ पुन्हा वाचली.

"तू हाताने चालवतेस तेव्हा तू कुठे उभी आहेस ते त्याला ठाऊक असतं. सर्व्हिसला घरदार नसतं, बाई. अगदी पहिल्यापासून सांगावं लागतं."

धाकटीने पत्ता पूर्ण लिहिला.

"पडली तर पुन्हा उठायची ओळ?"

"घातली."

"सर्व्हर चालू होताच उठायची?"

"घातली गं."

"मग काका, खटका पाडा."

काकांनी धाकटीकडे बघितलं. तिने मान हलवली. खोलीतली घरघर थांबली. मग खटका वर गेला, पंखे फिरू लागले. धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"लागला! हिरवा लागला!" काका ओरडले. "म्हणजे मालक झोपला तरी कुत्रं जागं!"

ताई हसली. मग तिने त्यांना क्लोरीन मोजणारी कांडी पाण्यातून वर काढायला लावली. घंटा एवढी जोरात वाजली की धाकटी दचकली. ताई डोळे मिटून ऐकत राहिली.

"पुरे," ती शेवटी म्हणाली. "ठेवा परत."

काकांनी तिला धरून गाडीपर्यंत आणलं. धाकटीने पट्टा लावून दिला. ताईच्या पायांवरची सूज चपलेच्या पट्ट्यांतून वर आली होती.

"दोनला डायलिसिस आहे, वेळेत पोहोचू," धाकटी म्हणाली. "आज लॅपटॉपची कटकट नाही. मस्त झोप काढ."

"आज नको."

"थकलीस? बरं, उद्याची वेळ मागते."

"उद्याही नको."

धाकटीने किल्ली फिरवायचं थांबवलं.

"डॉक्टरांशी बोलले आहे मी," ताई म्हणाली. "डायलिसिस थांबवलं की आठवडाभर, फार तर थोडं जास्त. त्रास होऊ देणार नाहीत म्हणाले."

"आणि हे मला आत्ता सांगतेस? त्यासाठी मला इथे आणलंस?"

"आधी सांगितलं असतं तर केलं असतंस का?"

"मी आत्ता आत जाऊन ते बंद करीन."

"कर," ताई शांतपणे म्हणाली.

धाकटीचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. टाकीपासून उतारावर वस्तीची घरं दिसत होती. एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. थोड्या वेळाने धाकटीने मूठ सोडली आणि गाडी सुरू केली.

दवाखान्याचा चौक आला तसा धाकटीने डावीकडचा इंडिकेटर लावला. ताईने हात पुढे केला, चाचपडत दांडी शोधली आणि तो बंद केला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. धाकटीने बाहीने डोळे पुसले आणि गाडी सरळ नेली.