शेजारच्या मावशी

तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं म्हणजे सासूबाईंची अर्धी सकाळ जायची, म्हणून हल्ली त्या उतरतच नसत. त्या रविवारी मात्र त्यांनी देवाला हात जोडले, काठी घेतली आणि कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत निघाल्या. सून एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उलटी उतरत होती. कोसळल्याच तर आपल्या अंगावर याव्यात, एवढाच त्यामागचा हिशेब.

"आज तुम्हीच बोला हं, आई. मला भाव करता येत नाही. समोरच्याने नाही म्हटलं की मीच त्याची माफी मागते."

सासूबाई हसल्या. उभं आयुष्य त्यांनी बाजारात कापडाचे तुकडे विकले होते. इमारतीत त्यांना सगळे वकीलबाई म्हणत. कुणाला कपाट घ्यायचं असो की जुना पंखा विकायचा असो, वकीलबाई बरोबर हव्यातच. पुढे गुडघे गेले आणि त्यांची वकिली खिडकीपुरती उरली. दोरीला पिशवी बांधून त्या खालच्या भाजीवाल्याशी वरूनच हुज्जत घालत, आणि तो बिचारा मान वर करून करून हरत असे.

घर हवं होतं ते त्यांच्यासाठीच. तळमजल्यावरचं, दार उघडलं की पायाला जमीन लागेल असं. मुलगा वायरमन, सून शिलाईच्या कारखान्यात काजं करणारी, नात शाळेत. कितीतरी महिने ते घरं बघत होते, आणि प्रत्येक ठिकाणी बोलणं एकाच प्रश्नाशी अडत होतं: घरात म्हातारं माणूस आहे का? आहे म्हटलं की जागा आदल्याच दिवशी गेलेली असायची.

"वहिनी, तुम्ही फार सरळ आहात," एजंट म्हणाला होता. "म्हातारं माणूस आधी दाखवायचं नसतं. सामान लागलं, की मागाहून पाहुणे म्हणून आणायचं. सगळे तसंच करतात."

सगळे खरंच तसंच करत होते. त्या शहरात कितीतरी आया पोटच्या मुलाच्या घरी पाहुण्या म्हणून राहत होत्या. मालकाची चाहूल लागली की त्या आतल्या खोलीत जात आणि खोकला पदरात दाबून धरत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सुनेने एजंटाला नाही म्हणून सांगितलं खरं, पण त्याचं वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. कामावर काजं करताना, तांदूळ निवडताना ते मधूनच डोकं वर काढायचं.

घराचे मालक फाटकाशीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्या, बोलणं अगदी मृदू. त्यांनी काय करता, कुठे असता हे विचारलं, आणि मग नजर काठीकडे गेली.

"माणसं किती तुम्ही? आणि या कोण?"

सून उत्तर द्यायला गेली. पण मालकांच्या पाठीमागे तिला ते अंगण दिसलं. छोटंसंच, पण सगळं उन्हाने भरलेलं. तिची जीभ तिच्याही नकळत वळली.

"आम्ही तिघं. या... शेजारच्या मावशी आहेत."

सासूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शेजारीच राहते," त्या म्हणाल्या. "भाव करायला आणलंय मला हिने."

आणि त्यांनी खरोखर भाव केला. भाडं फार आहे म्हटल्यावर मालक म्हणाले, जागाच तशी आहे. जागा छानच आहे, मावशी म्हणाल्या, पण मग इतके दिवस रिकामी का? रोज माणसं बघायला येत असती तर कडी हात लागून लागून लख्ख झाली असती. हिला तर गंज चढलाय. मग त्यांनी मोरीतला नळ सोडून बघितला, भिंतीची ओल बोटाने दाखवली, उघड्या पडलेल्या वायरकडे काठी केली.

"हिचा नवरा वायरमन आहे. हे सगळं तो फुकटात नीट करून देईल, ते धरा भाड्यात. मुलगा निर्व्यसनी आहे हो. आईने चांगलं वळण लावलंय म्हणतात."

मालक हसले. सुनेला मात्र हसू येईना. कधी एकदा इथून बाहेर पडते असं तिला झालं होतं, आणि हे घर हातचं जाऊ नये असंही वाटत होतं. ती उगाच ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिली.

न्हाणीघराच्या भिंतीला हाताच्या उंचीवर एक नळी ठोकलेली होती. धरायला गार लागू नये म्हणून तिच्यावर मऊ जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून बारीक टाके घातले होते. सासूबाईंचा हात तिथे आपसूक गेला. कापड ओळखणारा हात तो. टाक्यांवरून फिरला आणि थांबला.

"हे कुणासाठी?"

"आई होती माझी इथे."

"होती?"

"आहे, आहे. दुसरीकडे ठेवलीय. सोय चांगली आहे तिथे." मग व्यवहार कळणाऱ्या बाईला सांगावं तसे ते आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू का मावशी, घरात माणूस गेलं की घराचा भाव जातो. पुढचा भाडेकरू विचारतोच. म्हणून वेळेवर हलवलं."

त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ओल फार पसरायच्या आत गिलावा करून घ्यावा, तितक्या सहज ते बोलले.

सासूबाई अंगणात गेल्या. पायरीवर बसून त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय मातीवर ठेवले. कितीतरी दिवसांनी त्या पायांना माती लागत होती. तिथूनच, पाय न उचलता, त्यांनी शेवटची घासाघीस केली, आणि मालक त्यांच्या आकड्यावर आले.

"पण कागदावर एक ओळ घालणार," ते म्हणाले. "साठीच्या पुढचं माणूस इथे राहायला आणायचं नाही. उद्या तुम्ही सासूला आणून बसवाल."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूबाई मातीकडे बघत होत्या.

"घाला," त्या म्हणाल्या. "सासू आहे हिला. पण तिची होईल कुठेतरी सोय."

कापड फाडताना त्यांचा हात कधी वाकडा जात नसे. तितक्याच सरळ आवाजात त्यांनी स्वतःला बाजूला काढलं. मालकांनी कागदावर ओळ लिहिली आणि पेन सुनेपुढे केलं. तिने ते घेतलं. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "या माझ्या सासूबाई आहेत. हे घर मी यांच्यासाठीच बघत होते. जिथे या राहायच्या नाहीत, ते घर मला नको."

मालकांचा चेहरा उतरला. राग नव्हता, वेळ फुकट गेल्याचा त्रास होता.

"अहो, पण त्या स्वतःच म्हणाल्या की सोय होईल म्हणून."

"तुमच्या आईही तसंच म्हणाल्या असतील."

मालकांनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. सून खाली बसली आणि तिने सासूच्या पायांची माती पुसून त्यांच्यापुढे चपला ठेवल्या.

परत येताना इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शेजारणीने दार उघडून विचारलंच, "काय वकीलबाई, जमलं का घर?"

"सगळं जिंकत आणलं होतं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमचं अशीलच फुटलं."

पुढच्या वळणावर त्या पायरीवर बसल्या. सून आता एक पायरी मागे होती.

"वेडी आहेस तू. अंगण होतं गं."

"हो."

"मी गेले असते कुठेतरी."

"कुठे, आई?"

त्यांनी काठी टेकवली. मग दुसरा हात पुढे केला, आणि सुनेने त्यांना उठवलं.

त्या संध्याकाळी देवापुढे बसल्यावर सासूबाईंनी खोटं बोलल्याची क्षमा मागितली. सून शेजारी येऊन बसली आणि तिनेही मागितली. तिला मागायचं जास्त होतं. दाराशी उभ्या नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, उद्यापासून जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा लावून घेतो, दोन्ही हातांना आधार होईल. तेवढंच त्याला सुचलं, आणि ते त्याने केलंही.

एजंटाचा फोन आठवड्याने आला. एक जागा आहे म्हणाला, तळमजला, भाडं जरा जास्त आहे पण बोलता येईल. माणसं किती सांगू?

"माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली. "सत्तरी उलटली आहे. गुडघे दुखतात, काठी लागते. हे आधी सांगा. बाकीची माणसं मी मग सांगते."

पलीकडून फोन बंद झाला. खिडकीशी सासूबाई पिशवी खाली सोडून भाजीवाल्याशी भांडत होत्या. सुनेने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या एजंटाचा नंबर लावला.