शेवटचं मेंढरू सोडून

"अडुसष्ट मेंढरं दिली, तर तुझा प्रोग्राम सदुसष्टच दाखवतोय."

अंगणात फोनमधून आवाज आला, अन् कोकरापुढं धरलेली लिंबाची डहाळी बलभीमच्या हातात तशीच राहिली. अडुसष्ट! घरातल्या तिघांशिवाय हा आकडा कुणाला ठाऊक नव्हता. मागल्या साली धरणाच्या अंगाला एक गोडबोल्या माणूस चहा पाजून "किती हायेत?" विचारून गेला, अन् आठवड्यात नऊ मेंढरं चोरीला गेली. तेव्हापासून बलभीम सख्ख्या मेव्हण्यालाही आकडा सांगत नव्हता. अन् इथं पोटची पोर, करिश्मा, सगळं सांगून बसलेली.

"कोण हाय त्यो?"

"गौरीशंकरदादा, आबा. पुण्याला असत्यात. कामाचं बोलतीया."

"पगार देतो का?"

"न्हाय."

"मग कसलं काम?"

करिश्मानं समजावलं. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक नवी भाषा निघालीय. तिच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर पाच नमुने लावायचे, चार-सहा ओळींचे. बघणाऱ्यानं म्हणावं, हे तर मलाबी जमंल. साठेक नमुने आलेले, निवडणारे चौघं, त्यात ही एक; शेवटची यादी गौरीशंकरला पाठवायची हिनंच. चार ठरले होते. पाचवा हिचाच ठरल्यात जमा होता. खाली नाव येणार होतं, करिश्मा, माकणी. ते नाव बघून कुणी नोकरीला बोलावील, अशी तिची आशा.

"आन् त्यात आपली मेंढरं कशापायी?"

"आज्जा मोजायचा तसं मोजतंय ते. विसा-विसानं. तीन विसा आन् सात."

बलभीमचा बाप मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभा राहून मोजायचा अन् शेवटचं मेंढरू सोडून द्यायचा. ते बिरोबाचं. मोजलं की आपलं झालं, म्हणायचा. पोरीनं तेही एका ओळीत लिहिलं होतं. वर आकडा मात्र सवयीनं घरचाच टाकलेला.

"ती सोडायची ओळ काढ," फोन म्हणाला. "नव्या माणसाला चूक वाटेल. बाकी झकास आहे. पाचपर्यंत यादी पाठव."

बलभीमनं फोन हिसकावलाच. "पाव्हणं, गाव कुठलं?"

"मूळचे तुमच्याकडच्याच वाशीचे, काका."

"वाशीच्या बाजारात कुणाला इचारू तुमच्याबद्दल?"

फोन हसला. "विचारा ना. शंभुलिंगअप्पांचा मुलगा म्हणा."

"इचारतोच. आता सांगा, त्या एका मेंढरावर तुमचा डोळा का?"

"डोळा नाही हो, काका. मोजणी बरोबर यावी म्हणून."

"मोजणी बरोबरच हाय."

करिश्मानं तोंड वाकडं करून फोन काढून घेतला अन् बंद केला. "शोभा करता का माझी? आकडा बदलते. चाळीस टाकते."

"टाक. आन् ती ओळ?"

"काढली तर पहिलं पान मिळतंय."

बलभीमनं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. गिऱ्हाईक खोटं बोलतंय का, ते त्याला ओळखू यायचं. पोरीचं मात्र काही कळेना.

"काढ मग. तुझ्या नोकरीपरीस एक मेंढरू मोठं न्हाय," म्हणाला अन् वाडग्यात गेला. पण कान अंगणातच होते.

पाचाच्या सुमारास फोन वाजला.

"यादी आली गं. पण तुझा नमुना कुठंय?"

"म्याच काढला, दादा."

"अगं, एक ओळ तर काढायची होती!"

"ती काढली तर आज्जाची मोजणी कुठं ऱ्हायली? पाचव्या जागी केरळच्या बाईंचा टाकलाय, भरती-ओहोटीचा. चांगला हाय."

"पहिलं पान होतं, करिश्मा."

"व्हय."

बलभीम बाहेर आला. फोनकडं बोट केलं. "बंद झाला का त्यो?"

"झाला."

"नीट बघ."

"झालाय, आबा!"

मग तो तिच्याशेजारी पोत्यावर टेकला. "दाव."

"काय?"

"ज्ये पाठवलं न्हाईस, ते."

तिनं लॅपटॉप वळवला. त्याला अक्षर येत नव्हतं. ती एकेका ओळीखालून बोट नेत सांगत गेली. चौथ्या ओळीवर त्यानं तिचा हात थांबवला.

"ही का?"

"व्हय."

त्यानं धोतराला हात पुसला, अन् त्या ओळीशेजारी, काचेला लागू न देता, आपलं बोट धरलं.