इंजिन बंद असताना दिलेली साक्ष

मी पट्टी बोलतेय. इंजिन ऑईलची नव्हे. ती माझी थोरली जाऊ, तिचा मान मोठा. मी गिअरबॉक्सचं लाल तेल मोजणारी, मागे अंधारात खोचून ठेवलेली.

ही जुनी ऑटोमॅटिक गाडी बाबारावांनी घेतली ती मेघासाठी, त्यांच्या मुलीसाठी. लहानपणच्या अपघातानंतर तिचा डावा पाय क्लच दाबू शकत नाही, आणि या गाडीला क्लचच नाही. मनीषनगरात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. गांधीबागेच्या बाजारातून कापडाचे गठ्ठे ती स्वतः भरून आणायची, वाटेत मोठ्याने गाणी म्हणत. तिचा सूर काही बरा नव्हता, पण मला आवडायचा.

बाबारावांनी जन्मभर जीप चालवली. त्यांचा नियम पक्का: इंजिन बंद, गाडी गार, मगच तेल बघायचं. थोरल्या जाऊबाईंसाठी ते ठीक होतं. माझं मात्र उलटं. गाडी तापलेली हवी, इंजिन चालू हवं, तरच मी खरं सांगू शकते. इंजिन बंद झालं की तेल खाली उतरतं आणि कमी असलं तरी मी भरलेली दिसते. माझ्या अंगावर हे बारीक अक्षरांत कोरलेलं आहे. पण चाळीस वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाला पट्टी काय शिकवणार?

दर रविवारी ते मला जुन्या बनियनने पुसत, बुडवत, बघत आणि म्हणत, “फुल्ल!” खाली फरशीवर लाल ठिपके पडत होते. ते पाहून बाबाराव गल्लीवर डाफरत, “कोण खर्रा खाऊन थुकून राहिलं बे इथं?”

मग एक दिवस पुलाच्या चढावर इंजिन गुरगुरलं आणि गाडी जागची हलेना. मागे हॉर्नचा गोंगाट. लोकांनी ढकलत गाडी घरी आणली. मेघा घामाने भिजली होती.

“तेल फुल्ल हाये, म्या कालच पाह्यलं,” बाबाराव फाटकातच ओरडले. “तूच रेस देऊन देऊन गिअर जाळला.”

“म्या काहीच नाही केलं जी, बाबा.”

“पायच धड नाही, तं गाडी कशी धड राहीन?”

मेघाने चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि आत गेली. तिच्याविरुद्ध साक्ष मी दिली होती. मला जीभ असती तर मी ती चावून टाकली असती.

त्यानंतर ती ऑटोने जाऊ लागली, गठ्ठे मांडीवर घेऊन. सपाट रस्त्यावर गाडी थोडीफार चाले, ती बाबाराव चालवत. एका दुपारी ती त्यांच्याही हातात अडली. बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही या भीतीने त्यांनी इंजिन चालूच ठेवलं आणि मला उपसलं. टोकाला जेमतेम ओल होती. धीर करून त्यांनी इंजिन बंद करून बघितलं, मी भरलेली. चालू करून बघितलं, कोरडी. मग माझ्या अंगावरची बारीक अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली.

तेल भरलं, गळती बंद करून घेतली, गाडी सुतासारखी सरळ झाली. घरी इंदुताईंनी, त्यांच्या बायकोने, विचारलं, तर म्हणाले, “काही नाही, जरासं तेल टाकलं.” दोष देताना सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. कबुली मात्र घरातल्या घरातही दिली नाही.

पुढे कित्येक रविवार ते मला नीट बघत, इंजिन चालू ठेवून, आणि माझ्याकडे बघताना त्यांची मान खाली जाई. अखेर या रविवारी त्यांनी मेघाला हाक मारली.

“पोरी, चूक माही होती. माहं पाह्याचंच चुकत होतं. तेल कमी होतं.”

“कधी समजलं?”

बाबाराव जुन्या बनियनने हात पुसत राहिले.

“गाडीचं सोडा बाबा,” ती म्हणाली. “पायाचं काहून बोलले?”

इंजिन चालूच होतं. त्यांनी मला पुसून बुडवलं, वर काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “फुल्ल हाये. पण तूच पाह्य. माह्या बोलण्यावर नको जाऊ.”

मेघाने मला हातात घेतलं, पुसलं, स्वतः बुडवून बघितलं, आणि जागेवर बसवून बॉनेट लावलं.

बाबांनो, आम्हा पट्ट्यांना विचारायचं तर विचारण्याची रीत शिका. आणि माणसाला विचारायचं असेल तेव्हा आमची साक्ष काढू नका.

मेघा गाडीत बसली. बाबाराव सवयीने दुसऱ्या बाजूचं दार उघडायला गेले. तिने आतून लॉकचा खटका दाबला आणि काच थोडी खाली केली. “तुम्ही घरीच थांबा, बाबा.”

गाडी निघाली. सगळी वाट तिने एकही गाणं म्हटलं नाही.