रोगाचे नाव पुसणारे पाणी

मुख्य रस्त्यावरील बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ‘नामहर’ म्हणवून घेणारे एक गृहस्थ उच्चासनावर विराजमान होते. रुग्णाने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी, नामहरांनी तीतील रोगाचे नाव तपकिरी जलाने जाड कागदावर लिहावे. अक्षरे पाहता पाहता काळीनिळी व्हावीत, आणि काचेच्या भांड्यातील पाण्यात बुडवताच कागद कोरा व्हावा!

“रोग नावावर जगतो, मायबापहो!” नामहर गर्जले. “ही नावं परकी. देवाला ती भाषा कळत नाही, म्हणून तुमची प्रार्थना पोचत नाही. मी नावच पुसतो. मग रोग राहील कुठे?”

“महाराज, माझी सर्दी?” एकाने विचारले.

“ती आपल्या भाषेतली. तुमची तुम्ही सांभाळा.”

सारे हसले. मला हसू आले नाही, कारण पुढची चिठ्ठी माझ्या ताईची होती : डायबिटीस मेलायटस.

मी पुस्तकबांधणी करणारा मनुष्य. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण बांधायला आलेल्या पानांवरच झाले. पत्नीच्या निधनानंतर मला ‘अरे’ म्हणून हाक मारणारे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे ताई. ती अकरा वर्षे इन्सुलिनची सुई टोचून घेत होती. त्या संध्याकाळी तिने ती बंद केली.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर ती पाण्याची तिसरी बाटली तोंडाला लावून बसलेली.

“ताई, तहान बघ किती लागतेय!”

“विष निघून जातंय. ते म्हणालेच होते.” तिने पाठ फिरवली. “तुला माझं बरं झालेलं बघवत नाही. येऊ नकोस आता.”

खोलीवर परतलो. बोलायला भिंती होत्या. परंतु तो काळानिळा रंग माझ्या परिचयाचा होता. आमच्या धंद्यात बोट कापणे नित्याचे. त्यावर आयोडीन लावले की बोटाला चिकटलेली पिठाची खळ तशीच रंगते. सबब कागदाला खळ फासलेली होती, हे उमगले. रंग पुसला कसा जातो, हे मात्र कळेना. बुधवारी सकाळी गर्दीत शिरून त्या पाण्यात बोट बुडवले आणि चाखले. आंबट! औषधविक्रेत्याने ऐकताक्षणी सांगितले, “क जीवनसत्त्वाची गोळी विरघळवलीय. आयोडीनचा रंग ती घालवते.”

दुपारी मी आपली आयोडीनची बाटली व खळ फासलेला आपला कागद घेऊन पुढे झालो. ताई ‘बरी झालेली’ म्हणून पहिल्या रांगेत बसवली होती. मी माझेच नाव लिहिले. ते काळेनिळे झाले. नामहरांच्या पाण्यात बुडवले. गेले.

“माझं नाव पुसलं. मी इथेच आहे ना?”

“या माणसाला श्रद्धा नाही!” नामहर ओरडले.

“नाही, महाराज. तरी पुसलं गेलं. म्हणजे पुसायला श्रद्धा लागत नाही, गोळी लागते.”

मग मी खळ, आयोडीन आणि गोळी यांचा उलगडा केला. हशा पिकला. नामहर मागील दाराने निघून गेले.

ताईने क्षीण आवाजात विचारले, “मग ते नाव कसलं रे?”

गतवर्षी मी एक वैद्यकीय कोश बांधला होता. “डायबिटीस हा जुन्या ग्रीक वैद्यांचा शब्द. अर्थ, आरपार वाहणं. प्यालेलं पाणी अंगात ठरत नाही म्हणून. मेलायटस म्हणजे मधासारखं गोड, लघवीत साखर उतरते म्हणून. रुग्णाशेजारी बसून कुणी पाहिलं, ते लिहिलं. यात भूत नाही, ताई.”

“आणि इन्सुलिन?”

“मुळात बेट. स्वादुपिंडात पेशींचे बेटांसारखे पुंजके असतात, त्यांतून तो रस पाझरतो. तुझा आटला, म्हणून बाहेरून घ्यायचा.”

“चारचौघांत माझी शोभा केलीस,” ती म्हणाली, पण उठली. दवाखान्यात साखर भयंकर वाढलेली निघाली. दोन दिवसांनी ती घरी आली. आता सुई वेळेवर घेते, असे औषधविक्रेता सांगतो. मला तिने दार उघडलेले नाही.

वाचकहो, शब्द पुसल्याने रक्तातील साखर उतरत नाही. न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारा, पुन्हा विचारा. चमत्कार चाखून पाहा. औषध मात्र थांबवू नका. आणि आपले माणूस फसत असेल, तर त्याचा रोष पत्करूनही बोला. ते रुसेल. रुसू द्या. जिवंत माणूस कधीतरी पुन्हा हाक मारू शकते.